पेहोव्याची बही आणि फाटलेला पडदा

चंडीगडहून अंबाल्याच्या रस्त्याला लागले की दोन-अडीच तासांत पेहोवा येते. पुराणांतले पृथूदक ते हेच, सरस्वतीकाठचे तीर्थ. चैत्रातल्या चतुर्दशीला इथे पितरांसाठी मोठी जत्रा भरते. पंजाब-हरियाणातली कुटुंबे आपापल्या पंड्यासमोर येऊन बसतात. पंडा गाव विचारतो, जात विचारतो, गोत्र विचारतो आणि लांबलचक बही उलगडतो. पणजोबा कोणत्या साली आले, कोणाचे पिंड दिले, बरोबर कोण होते, सगळे त्यात सापडते. त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडची नामावळ पाहिलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही.

नवल वाटेल ते पुढेच. पेहोवा, कुरुक्षेत्र आणि हरिद्वार इथल्या अशा अनेक बह्यांच्या मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या एका संस्थेने काढून नेल्या आहेत. जीनिऑलॉजिकल सोसायटी ऑफ यूटा हे तिचे नाव, स्थापना १८९४. सॉल्ट लेक सिटीजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात १९६०च्या दशकात कोरलेल्या भुयारी तिजोऱ्यांमध्ये ही संस्था जगभरातून जमवलेल्या वंशावळींच्या मूळ फिल्म जपून ठेवते. वीस लाखांहून जास्त रिळे आहेत म्हणतात. पंड्याच्या बहीसाठी सातासमुद्रापलीकडच्या माणसांनी इतका खटाटोप का करावा?

कारण त्यांनाही पितरांचे काही द्यायचे आहे.

ही संस्था मॉर्मन चर्चची. ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे त्याचे पूर्ण नाव. २०१८ साली चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नका असे सांगितले. पण रूढ झालेले नाव सांगून जात नाही, म्हणून इथेही तेच वापरले आहे. या चर्चच्या श्रद्धेनुसार जो माणूस बाप्तिस्मा न घेता मेला, त्याच्यासाठी जिवंत सदस्याने मंदिरात जाऊन त्याच्या नावाने बाप्तिस्मा घ्यायचा. बारा बैलांच्या पुतळ्यांच्या पाठीवर तोललेले मोठे कुंड असते. त्यात एक तरुण मुलगा किंवा मुलगी उतरते, मृताचे नाव उच्चारले जाते आणि पाण्यात बुडवून बाहेर काढले जाते. परलोकातल्या त्या आत्म्याने हा विधी स्वीकारावा की नाकारावा हे त्याच्या मर्जीवर, असे चर्च सांगते. पण विधी करायचा तर नाव हवे, आणि नाव हवे तर वंशावळ हवी. डोंगर पोखरला तो यासाठी. सदस्यांनी फक्त आपल्याच पूर्वजांची नावे द्यावीत असा चर्चचा नियम आहे. म्हणजे बहीतले नाव फिल्मवर गेले म्हणून ते कुंडात गेलेच, असे समजण्याचे कारण नाही. नियम मात्र नेहमी पाळला गेलेला नाही. नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावाने असे बाप्तिस्मे झाल्याचे उघड झाले तेव्हा मोठा गदारोळ उठला आणि १९९५ साली चर्चला ज्यू संघटनांशी करार करावा लागला. २०१२ साली महात्मा गांधींच्या नावानेही असा बाप्तिस्मा झाल्याच्या बातम्या आल्या आणि अमेरिकेतल्या हिंदूंनी नाराजी व्यक्त केली.

हिंदू आणि ज्यू रागावले ते आपल्या माणसांची नावे परस्पर वापरली म्हणून. या विधीवर सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट टीका मात्र ख्रिस्ती घरातूनच आली आहे. ती करणारे प्रामुख्याने इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्तावादी, प्रोटेस्टंट. बायबल हाच अखेरचा अधिकार, तारण केवळ देवाच्या कृपेने आणि विश्वासाने, आणि येशूचे क्रुसावरचे बलिदान एकदाच व कायमचे पुरेसे, हे त्यांच्या श्रद्धेचे खांब. मॉर्मन शिकवण या प्रत्येक खांबाला धक्का देते, असे त्यांचे म्हणणे आहे.

त्यांच्या टीकेत एक गंमत आहे, आणि ती भारतीय वाचकालाच चटकन दिसेल. मॉर्मन धर्मातल्या ज्या गोष्टी आपल्याला ओळखीच्या वाटतात, नेमक्या त्याच या टीकाकारांना खुपतात. मृतांसाठी विधी ही त्यातली पहिली. मॉर्मन मंदिरात नवरा-बायकोची गाठ ‘मरेपर्यंत’ अशी न बांधता अनंतकाळासाठी बांधतात. खोलीत समोरासमोर आरसे लावलेले असतात आणि जोडप्याला स्वतःची प्रतिबिंबे न संपणाऱ्या रांगेत दिसतात. वडाला दोरा गुंडाळून सात जन्म मागणाऱ्या घरात ही कल्पना कोणाला खटकणार नाही. सुवार्तावादी मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानाचा बाविसावा अध्याय उघडतो. पुनरुत्थानानंतर लग्ने होत नाहीत आणि लावलीही जात नाहीत, असे उत्तर येशूने तिथे सदूकी लोकांना दिले आहे. मग हे अनंतकाळचे लग्न आले कुठून?

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने ७ एप्रिल १८४४ रोजी इलिनॉयमधल्या नॉव्हू या गावी एका मृत मित्रासाठी प्रवचन केले. देव हा एके काळी माणसासारखाच होता आणि माणसानेही देव होण्यास शिकले पाहिजे, असा त्याचा सूर होता. आपल्याकडे ‘नराचा नारायण’ ही शाबासकी आहे. ख्रिस्ती कानाला मात्र ती हव्वेला सर्पाने दाखवलेल्या आमिषासारखी ऐकू येते. यशयाच्या पुस्तकाचा त्रेचाळिसावा अध्याय टीकाकारांना इथे तोंडपाठ असतो: देवाच्या आधी देव झाला नाही आणि नंतरही होणार नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही त्रैक्याची शिकवण मॉर्मन मानत नाहीत. ते तीन वेगळी व्यक्तिमत्त्वे मानतात आणि पित्यालाही हाडामांसाचे शरीर आहे असे सांगतात. रोमच्या कॅथलिक चर्चने २००१ साली मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचे जाहीर केले ते मुख्यतः याच कारणाने. पाण्यात बुडवताना उच्चारलेले शब्द जवळजवळ तेच होते. त्या शब्दांमागचा देव तोच नाही, असा निर्णय झाला.

या वादाची किल्ली तिथेच आहे. मॉर्मन माणूस येशू म्हणतो, तारण म्हणतो, कृपा म्हणतो, शुभवर्तमान म्हणतो. सुवार्तावादीही तेच म्हणतो. शब्दांची नाणी तीच, पण दोन वेगळ्या टांकसाळींतली. वॉल्टर मार्टिन यांनी १९६५ साली ‘द किंगडम ऑफ द कल्ट्स’ हे जाडजूड पुस्तक काढले. दारावर आलेल्या प्रचारकाशी बोलताना आधी प्रत्येक शब्दाचा अर्थ ठरवून घ्या, हा त्यांचा मुख्य सल्ला होता. पुढच्या दोन पिढ्यांची टीका या एका सल्ल्यावर उभी आहे.

आता मंदिराकडे वळायला हवे, कारण सर्वांत धारदार आक्षेप तिथे आहे. चंडीगडमध्ये राहणाऱ्याला सॉल्ट लेक सिटी परकी वाटू नये. दोन्ही शहरे पट्टी ठेवून आखलेली, दोन्हीकडे पत्ता आकड्यांत. फरक एवढाच, की कॉर्बूझिएच्या चंडीगडचा सेक्टर एक म्हणजे सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालयाचा परिसर, आणि सॉल्ट लेक सिटीत रस्त्यांचे आकडे मोजायला सुरुवात होते ती मंदिराच्या चौकापासून. जुलै १८४७ मध्ये स्मिथनंतर चर्चची धुरा घेतलेला ब्रिगहॅम यंग वाळवंटी खोऱ्यात पोचला आणि काही दिवसांतच त्याने मंदिराची जागा दाखवली. बांधकाम १८५३ला सुरू झाले आणि ६ एप्रिल १८९३ला मंदिर अर्पण झाले. चाळीस वर्षे लागली.

रविवारची उपासना मंदिरात होत नाही, ती साध्या सभागृहात होते आणि तिथे कोणीही जाऊन बसू शकतो. मंदिराचे तसे नाही. आत जायला परवानापत्र लागते. ते मिळण्याआधी स्थानिक अधिकारी प्रश्न विचारतात: श्रद्धा आहे का, उत्पन्नाचा दशांश देता का, दारू-तंबाखू आणि चहा-कॉफी वर्ज्य करता का. (चहाच्या अटीवर बहुसंख्य मराठी मंडळी दारातूनच परत फिरतील.) आत गेलेल्याला प्रतीकरूपाने धुतात, तेलाचा अभिषेक करतात, अंगाला लागून घालायचे खास वस्त्र देतात आणि एक नवे नाव कानात सांगतात. मग सृष्टीची उत्पत्ती, आदाम-हव्वा आणि त्यांचे पतन यांचे नाट्य दाखवले जाते, टप्प्याटप्प्याने शपथा घेतल्या जातात आणि शेवटी एका पडद्यापाशी येऊन, ठरलेल्या खुणा देऊन, पलीकडच्या ‘सेलेस्टियल’ दालनात प्रवेश मिळतो. हा स्वर्गाचा नमुना.

सुवार्तावादी टीकाकार बोट ठेवतो ते पडद्यावर. यरुशलेमच्या मंदिरात परमपवित्र स्थानापुढे पडदा होता. वर्षातून एकदा फक्त महायाजक त्याच्या आत जाई. येशूच्या मृत्यूच्या वेळी तो पडदा फाटला, असे मत्तय, मार्क आणि लूक तिघेही सांगतात. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या आधारे टीकाकार याचा अर्थ असा लावतात: आता मधला पडदा नाही, मधला याजक नाही, वाट सर्वांना मोकळी. टीकाकाराचे म्हणणे असे, की देवाने जो पडदा फाडला तो जोसेफ स्मिथने पुन्हा शिवून टांगला, आणि दाराशी परवाना तपासणारा माणूस बसवला. या आक्षेपात थट्टा नाही, गुप्ततेचा बाऊ नाही. दोन्ही पक्ष ज्या ग्रंथाला मान देतात त्याच्याच आधारावर तो उभा आहे, म्हणून त्याला वजन आहे. मॉर्मनांचे उत्तर असे, की ख्रिस्ताच्या बलिदानाने मंदिर रद्द झाले नाही, पूर्ण झाले. आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात, पौल मृतांसाठी होणाऱ्या बाप्तिस्म्याचा उल्लेख करतोच. पौल तसा उल्लेख करतो हे खरे. पण तो ‘ते लोक’ करतात असे म्हणतो, ‘आम्ही’ करतो असे म्हणत नाही, हे टीकाकार लगेच दाखवतात. एका ओळीवरून जवळजवळ दोन शतके भांडण चालले आहे.

मंदिरातल्या या खुणा-शपथांच्या विधीच्या उगमाबद्दलचा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे, तो तारखांचा आहे. जोसेफ स्मिथ मार्च १८४२ मध्ये नॉव्हूत फ्रीमेसन या बंधुमंडळात दाखल झाला. जेमतेम सात आठवड्यांनी, ४ मे १८४२ रोजी, आपल्या लाल विटांच्या दुकानाच्या माडीवर त्याने निवडक अनुयायांना हा विधी पहिल्यांदा दिला. हातांच्या खुणा, परवलीचे शब्द, एप्रन, शपथा यांत मेसन मंडळींच्या विधीशी साम्य आहे, हे आता मॉर्मन इतिहासकारही नाकारत नाहीत. अर्थ मात्र नवा आहे, असे ते म्हणतात. टीकाकारांना विधीत आणखी एक गोष्ट बोचायची: १९९०पर्यंत त्या नाट्यात सैतानाच्या पगारावर शिकवण देणारा एक ख्रिस्ती धर्मोपदेशक हे पात्र होते. इतर चर्चेसच्या पाळकांकडे मॉर्मन कोणत्या नजरेने पाहत आले, याचा याहून स्पष्ट पुरावा कशाला हवा? त्या वर्षी ते पात्र काढले गेले.

टीका कागदपत्रांवर उतरते तेव्हा ती सर्वांत बळकट असते. १८३५ साली चर्चच्या लोकांनी एका फिरत्या प्रदर्शनवाल्याकडून चार ममी आणि काही पपायरस गुंडाळ्या २,४०० डॉलरना घेतल्या. त्यांतून आपण अब्राहामचे लेखन भाषांतरित केले असे स्मिथने सांगितले आणि ‘बुक ऑफ अब्राहाम’ धर्मग्रंथांत गेले. तेव्हा इजिप्ती चित्रलिपी वाचता येणारी माणसे अमेरिकेत जवळजवळ नव्हतीच. गुंडाळ्या जळून गेल्या असा समज होता. १९६७ मध्ये त्यांचे तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असल्याचे जाहीर झाले. तज्ज्ञांनी वाचले तर ते होर नावाच्या पुरोहिताबरोबर पुरलेले अंत्यविधीचे मंत्र. अब्राहामचे नावही नाही. या तुकड्यांतली अक्षरे छापील मजकुराशी जुळत नाहीत, हे चर्चने २०१४च्या लेखात मान्य केले आणि भाषांतर या शब्दाचा अर्थ प्रकटीकरणाकडे सरकवला.

अशी कागदपत्रे खणून काढण्यात सॉल्ट लेक सिटीतल्या जेराल्ड आणि सँड्रा टॅनर या जोडप्याने आयुष्य घातले. दोघेही मॉर्मन घरांत वाढलेले. सँड्रा तर ब्रिगहॅम यंगच्या वंशातल्या. दोघांनी चर्च सोडले, सुवार्तावादी झाले आणि जुने दुर्मीळ दस्तऐवज छापायचा उद्योग मांडला. १९८४ साली एक पत्र गाजू लागले. स्मिथला सापडल्याचे सांगितले जाणाऱ्या सोन्याच्या पत्र्यांजवळ त्याला देवदूताऐवजी सरड्यासारखा सॅलॅमँडर भेटला, असे त्यात होते. मॉर्मनविरोधकांना आयते घबाड मिळाले. जेराल्ड टॅनर मात्र थबकले. पत्रातली भाषा १८३४च्या एका मॉर्मनविरोधी पुस्तकाशी फार जुळते, हे बनावट असावे, असे त्यांनी उघड छापले. ज्या पुराव्याने आपलाच पक्ष जिंकणार तो नाकारायला मन मोठे लागते. पुढच्या वर्षी हे पत्र बाजारात आणणाऱ्या मार्क हॉफमन या दस्तऐवज-विक्रेत्याने आपली बनवेगिरी झाकण्यासाठी बाँब ठेवून दोघांचा जीव घेतला आणि मग तपासात पत्र खोटे असल्याचे सिद्ध झाले. चर्चचे वरिष्ठ आणि नामांकित तज्ज्ञ दोघेही फसले होते.

सगळेच टीकाकार टॅनरांच्या तोलाचे नव्हते. १९८२चा ‘द गॉड मेकर्स’ हा चित्रपट अमेरिकेतल्या चर्चांमधून खूप दाखवला गेला. त्यात मंदिरातल्या वस्त्रांची आणि विधींची चेष्टा होती, आणि त्याच्या पुढच्या भागातल्या काही दाव्यांवर तर खुद्द टॅनर यांनीही आक्षेप घेतला. जानवे किंवा कच्छ-कृपाण धारण करणाऱ्यांच्या देशात राहणाऱ्याला अंगावरच्या पवित्र वस्त्राची टिंगल हा मुद्दा कधीच पटणार नाही, आणि पटूही नये. नोव्हेंबर २००४ मध्ये सॉल्ट लेकच्या टॅबरनॅकल सभागृहात सुवार्तावादी विद्वान रिचर्ड माऊ यांनी मॉर्मनांची जाहीर माफी मागितली ती अशाच खोट्या साक्षीबद्दल. शिकवणीवरचा मतभेद त्यांनी सोडला नाही. त्याच संध्याकाळी मुख्य भाषण केले ते मद्रासमध्ये जन्मलेल्या रवि झकरायस यांनी.

भारताशी या वादाचा संबंध मात्र त्याच्या दीडशे वर्षे आधीचा आहे, आणि तो थेट मुंबई-पुण्याचा आहे. सप्टेंबर १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला. त्याच्या आधीच त्याची बदनामी पोचली होती. इंग्रजी वृत्तपत्रे आणि पाद्री मंडळी सज्ज होती. मुंबईला धर्मवादांची सवय होती. मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांची जुगलबंदी १८३१ साली होऊन गेली होती, आणि विष्णुबुवा ब्रह्मचारींच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या सभा १८५७मध्ये व्हायच्या होत्या. मधल्या काळात मुंबईकरांना दिसले ते दोन ख्रिस्ती पक्षच एकमेकांना खोटे ठरवत असल्याचे दृश्य. फिंडलेने पत्रके छापून उत्तरे दिली. मग तो पुण्याला गेला आणि लष्करातल्या गोऱ्या सैनिकांत व त्यांच्या भोवतालच्या लोकांत डझनभर माणसांची एक छोटी मंडळी त्याने जमवली. छावणीच्या अधिकाऱ्यांनी त्याला अडवले. ‘हिंदुस्थानातल्या मराठ्यांस’ उद्देशून त्याने एक पुस्तिकाही काढली.

त्याच्या नशिबाचा फेरा विचित्र होता. तो मुंबईत उतरण्याच्या काही दिवस आधीच, २९ ऑगस्ट १८५२ रोजी, सॉल्ट लेक सिटीत बहुपत्नीत्व ही चर्चची शिकवण असल्याचे पहिल्यांदा जाहीर झाले होते. ती बातमी पोचायला महिने लागले. पोचल्यावर विरोधकांना दुसऱ्या मुद्द्याची गरजच उरली नाही. (ही प्रथा थांबवण्याची घोषणा १८९०मध्ये झाली.) १८५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतातले काम आटोपले. फिंडलेच्या काळातल्या या मंडळींपैकी एलिझाबेथ टेट ही मुंबईत जन्मलेली, माहेरची झेवियर, १८५६ साली जेम्स विलीच्या तुकडीबरोबर हातगाड्या ओढत यूटाला निघाली. वायोमिंगमध्ये बर्फाने तुकडीला गाठले आणि सुमारे पाचशेंतले साठांहून अधिक लोक दगावले. ती वाचली आणि यूटात स्थायिक झाली.

चर्च भारतात परतले ते विसाव्या शतकात. २०१२ साली हैदराबादला त्याचा भारतातला पहिला ‘स्टेक’, म्हणजे अनेक मंडळ्यांचा विभाग, स्थापन झाला. १ एप्रिल २०१८ रोजी बंगळुरूच्या मंदिराची घोषणा झाली, तेव्हा भारतात मॉर्मन मंदिर एकही नव्हते. २ डिसेंबर २०२० रोजी त्याची पायाभरणी झाली.

एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. मॉर्मन मंदिर अर्पण होण्यापूर्वी काही आठवडे सर्वांसाठी उघडे ठेवतात. धर्म कोणी विचारत नाही. बुटांवर पांढरी आवरणे चढवून कुंड, बैल, आरसे आणि पडदा पाहता येतो. बाहेर फुटपाथवर बहुधा सुवार्तावादी मंडळी पत्रके वाटत उभी असतात. तीही घ्यावीत, वाचावीत. सॉल्ट लेक सिटीचे मंदिर भूकंपापासून बचावाच्या कामासाठी डिसेंबर २०१९च्या अखेरीपासून बंद आहे. काम संपल्यावर, एप्रिल ते ऑक्टोबर २०२७ या काळात, ते लोकांसाठी खुले ठेवणार असल्याचे चर्चने जाहीर केले आहे. त्यानंतर आत जायला पुन्हा परवानापत्र लागेल.